आमची वाटचाल: गच्चीवरून खाली

आमची सुरुवात किरकोळ कामांनी झाली: सुटलेला गिलावा, गळकी गच्ची, नीट न लागणाऱ्या खिडक्या. पुढे घर थंड ठेवण्याची, वीजबिल उतरवण्याची कामं येऊ लागली, आणि दुरुस्ती व ही नवी कामं वेगळी करताच येत नाहीत हे कळलं. ओल न काढता उष्णतारोधन केलं की ओल आत कोंडते. म्हणून आता कोटेशनच्या आधी पाहणी, आणि पाहणीची सुरुवात गच्चीवरून.

पाणी जायच्या तोंडाकडे मीटरमागे निदान 10 मिलिमीटर ढाळ हवा. पाणी साचत असेल तर आधी ढाळ दुरुस्त करा, कोटिंगचं (पाणी अडवणाऱ्या लेपाचं) नंतर बघू. कोटिंगच्या आदल्या संध्याकाळी दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेप मारून स्लॅबवर चिकटवा आणि 16 तास तसंच ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल, तर स्लॅब अजून ओला आहे. त्यावर मारलेलं कोटिंग उन्हात फुगतं, कारण खालच्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. बोल मात्र मालाला लागतो!

गळती सहसा मधोमध नसते. पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) कोपरा आणि पाइप आरपार जातो ती जागा आधी तपासा. कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारून वॉटरप्रूफिंग भिंतीवर 150 मिलिमीटर चढवायचं. मग तोंडं बंद करून 25 मिलिमीटर पाणी 48 तास साठवायचं आणि खालचं छत बघत राहायचं. ही चाचणी उष्णतारोधनाच्या आधीच व्हावी. फरशी बसल्यावर गळती सापडली तर सगळं फोडावं लागतं.

यानंतर एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे, 50 मिलिमीटरचे बोर्ड. एवढी जाडी उष्णता अडवण्यात दोन मीटर काँक्रीटलाही भारी पडते. बोर्ड स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगच्याही वर घालावेत. त्याने स्लॅब दिवसा तापत नाही, रात्री आक्रसत नाही आणि भेगा कमी पडतात. आतून फॉल्स सीलिंगमध्ये रोधक घातला तर खोली थंड राहते, पण स्लॅब तापायचा थांबत नाही. बोर्ड उघडे ठेवू नका, उन्हाने ते खराब होतात. वर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि फिकट रंगाची फरशी हवीच.

खिडकीत लोक दुहेरी काचेवर खर्च करतात आणि चौकटीभोवतीची फट तशीच राहते. गरम हवा, धूळ, पाणी तिथूनच येतं. फट फोमने भरा, बाहेरून सिलिकॉन मारा, आणि खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना ते पाहा.

कोटेशनमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफिंग’ लिहून भागत नाही. क्षेत्रफळ, कोटिंगचे किती हात (थर), लिटरमागे किती चौरस मीटर, हे आम्ही स्वतःहून लिहितो. कमी माल वापरणं हीच सर्वांत सोपी चोरी, म्हणून रिकामे डबे मोजल्याशिवाय उचलू देऊ नका. शेवटचा 10 टक्के हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचा, हीही ओळ त्यातच असते.