छत्तिसाव्या रस्त्यावर मेंढीचं मटण

हॉटेलात मेन्यू हातात आला की आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मटण कशाचं आहे?" आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला, वाडेबोल्हाईच्या पंचक्रोशीत. बोल्हाई देवीला मानणाऱ्या आमच्यासारख्या घरांत शेळी-बोकड वर्ज्य, मटण खायचं ते मेंढीचंच. पुण्यात 'बोल्हाईचे मटण मिळेल' अशी पाटी दिसली की आम्ही निर्धास्त बसतो. पण आण्णा मे महिन्यात माझ्याकडे न्यू जर्सीला आले आणि इथल्या देशी हॉटेलांत मटण म्हणजे बोकड. जितक्या वेळा बाहेर जेवलो, तितक्या वेळा त्यांनी मुकाट्याने चिकन मागवलं.

जूनमध्ये त्यांना सत्तर पूर्ण होणार होती. त्या दिवशी तरी त्यांना तो प्रश्न विचारावा लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तेव्हा मॅनहॅटनमधलं 'कीन्स' आठवलं. छत्तिसाव्या रस्त्यावरचं, १८८५ सालचं स्टेकहाऊस. तिथला सगळ्यात नावाजलेला पदार्थ म्हणजे मटण चॉप, हाडासकट भाजलेला मांसाचा जाड तुकडा, आणि इंग्रजीत मटण म्हणजे मेंढीच. हल्ली तो चॉप कोकराचा असतो, पण कोकरू म्हणजेही मेंढीचंच पिल्लू.

अडचण वेगळीच होती. स्टेकहाऊसचा मुख्य धंदा गोमांसाचा. आण्णांनी ते जन्मात खाल्लेलं नाही, मीही खात नाही. मी त्यांना काहीच लपवलं नाही. शेजारच्या टेबलावर काय येईल, स्वयंपाकघर एकच आहे, कदाचित विस्तवही एकच असेल, सगळं सांगितलं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "त्यांच्या ताटात त्यांचं, माझ्या ताटात माझं. विस्तवाला विटाळ नसतो. जाऊ." ते नाही म्हणाले असते तर मी तो विषय तिथेच सोडला असता. कुणाला हे चालणार नसेल तर त्यांना नेऊ नये, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना न सांगता तर मुळीच नेऊ नये.

मग तयारी. टेबल बरंच आधी राखून ठेवलं, संध्याकाळी लवकरचं, कारण आण्णा साडेसातला जेवतात. खरी तयारी मात्र घरी केली. आमच्याकडे मटण कुकरमध्ये हाडापासून सुटेपर्यंत शिजतं. कापल्यावर आत गुलाबी दिसलं तर ते कच्चं, संपलं. म्हणून आदल्या आठवड्यात बाजारातून कोकराचे छोटे चॉप आणले आणि तव्यावर भाजले. मांसात खुपसायचा थर्मामीटर माझ्याकडे आहे. एक काढला ५५ अंश सेल्सियसला, दुसरा ६३ ला, तिसरा ७१ ला. तिन्ही कापून त्यांच्यापुढे ठेवले. पहिल्याकडे बघून त्यांनी मान फिरवली. मी सांगितलं, की ताटलीत उतरतं ते लाल पाणी म्हणजे रक्त नाही. स्नायूत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. इथलं सरकारी खातं अशा अखंड तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा पुरेसा मानतं. त्यांनी दुसरा खाल्ला, मग तिसरा, आणि पुन्हा दुसऱ्याकडे वळले. म्हणाले, "तिसरा वातड झालाय." मीडियम, म्हणजे आत जरा गुलाबी राहील एवढंच भाजलेलं मांस, कसं असतं हे त्यांना तिथे समजलं, शब्दांनी समजावून ते जमलं नसतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने मॅनहॅटनचं पेन स्टेशन, तिथून चालत दहाएक मिनिटं. आण्णांनी पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी घातली होती. मी बदला म्हणाले नाही.

आत शिरल्यावर ते थांबलेच. छत ठेंगणं, आणि त्या छताला हजारो मातीचे पाइप ओळीने टांगलेले, लांब बारीक दांड्यांचे. आण्णा मान वर करून बघत राहिले. "या तर चिलमी! मातीच्याच आहेत ना?" मातीच्याच. हे पाइप इतके नाजूक, की प्रवासात बरोबर नेणं शक्य नसे. म्हणून गिऱ्हाईक आपला पाइप इथेच ठेवायचं, त्याची नोंद ठेवणारा एक माणूस असायचा आणि तो टेबलापर्यंत आणून द्यायला पोरं असायची. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, बेसबॉलपटू बेब रूथ, आइन्स्टाइन यांचेही पाइप इथे होते. आता ते नुसते टांगलेले. २००३ पासून न्यूयॉर्कच्या हॉटेलांत धूम्रपानाला बंदीच आहे. आजोबांची चिलीम देवळीत असायची आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे आण्णांनी मला त्या दाराशी उभं राहून सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी इथे फक्त पुरुषांना प्रवेश होता. लिली लँग्ट्री या नटीला आत घेतलं नाही, तिने खटला भरला आणि १९०५ मध्ये जिंकला. "म्हणजे तिच्यामुळे तू मला इथं आणू शकलीस," आण्णा म्हणाले. मी नुसती मान हलवली.

टेबलावर आधी बर्फाचं पाणी आलं. आण्णांनी ग्लास बाजूला सारला आणि गरम पाणी मागवायला सांगितलं. मेंढीच्या मांसावर गार पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त. त्यामागे कारण आहे. मेंढीची चरबी बरीच गरम असतानाच पातळ राहते, जरा निवली की टाळूला मेणासारखी चिकटते. वेटर पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. मी त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या. आम्ही गोमांस खात नाही. चॉप एकच, दोघांत. मीडियम, पण हाडाजवळ कच्चट नको. लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, बटाटे किंवा भाजीत गोमांसाचा रस्सा नाही ना, हे मी विचारलं तेव्हा आत जाऊन विचारून आले. हा प्रश्न जरूर विचारावा. धोका बरेचदा मुख्य पदार्थापेक्षा बाजूच्या वाटीत असतो.

चॉप आला तेव्हा शेजारच्या टेबलावरचेही वळून बघत होते. पाठीच्या मधल्या भागाचा, हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस असलेला जाडजूड तुकडा, हाडासकट पाऊण किलोच्या आसपास. कडेची चरबी भाजून तपकिरी, कुरकुरीत. सोबत पुदिन्याची गोडसर जेली. आण्णांनी आधी वास घेतला. मेंढीचा तो वास, जो आमच्या वाड्यात पाट्यावरच्या वाटणाआडूनही ओळखू यायचा, तो इथे मीठ-मिरीपलीकडे कशानेच झाकलेला नव्हता. पहिला घास त्यांनी काट्याने घेतला. "मेंढीच आहे," एवढंच म्हणाले.

मग बराच वेळ आम्ही बोललो नाही. चरबी गरम असताना आधी ती संपवायची, मग हाडाकडे जायचं, हा क्रम त्यांनीच मला घालून दिला. जेली त्यांना पटली नाही. त्यांनी मीठ मागून घेतलं. शेवटी हाड हातात धरलं. आजूबाजूला दोन टेबलांवर हेच चाललं होतं.

बिलाचं गणित सोपं आहे. न्यूयॉर्क शहरात जेवणावरचा कर ८.८७५ टक्के. त्याच्या दुप्पट केली की टिप १८ टक्क्यांच्या जवळ जाते, मी २० ठेवली. आण्णांना ती रक्कम फार वाटली. पण इथे वेटरचा पगार टिप धरूनच ठरतो, हे कळल्यावर उठताना त्यांनीच त्या गृहस्थांना हात जोडून नमस्कार केला.

उरलेलं मांस आणि हाड बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आण्णा ओट्याशी उभे होते. हाड मोठ्या पातेल्यात उकळत होतं, शेजारी आईने दिलेला काळा मसाला उघडा, आणि फोन स्पीकरवर. पलीकडून काका विचारत होते, "पण कशाचं होतं?"

"बोल्हाईचं," आण्णा म्हणाले आणि झाकण उचलून रस्सा ढवळू लागले.