दिल्ली–लंडन नक्की किती लांब?

२४ एप्रिल २०२५, दुपारची पाळी. पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केल्याची बातमी आधी टीव्हीवर झळकली, मागोमाग नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, आला. डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणं आखणाऱ्या विभागाच्या टेबलावर दिल्ली–लंडनचा प्लॅन होता, त्याची रद्दी झाली.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर दिल्ली–लंडन साधारण ३,६३० नॉटिकल मैल भरतं, म्हणजे ६,७२० किलोमीटर. आता मांडणी अशी, नॉटिकल मैलांतच: दिल्ली ते अहमदाबाद ४१०, तिथून अरबी समुद्रातला ‘परार’ हा बिंदू ५३०, परार ते मस्कत २७०, मस्कत ते लंडन ३,१६०. बेरीज ४,३७०, म्हणजे दोऱ्यापेक्षा ७४० जास्त. दिल्लीहून थेट परार धरता येत नाही, ती रेघ सिंधवरून जाते. कराचीच्या हवाई नियंत्रणाची हद्द समुद्रातही बरीच आत शिरलेली आहे. जुना रस्ता तरी कुठे दोऱ्यासारखा सरळ होता. युक्रेन टाळूनच जायचा. त्यामुळे खरी वाढ ७४० मैलांपेक्षा कमी, पण एका तासात भागणारी नव्हे.

नेटवर अंतराला ताशी ९०० किलोमीटरनं भागून ‘साडेसात तास’ असं ठोकून दिलेलं असतं. त्यात ना वळसा, ना वारा. बोइंग ७८७ चा हवेतला वेग धरा ४९० नॉट, म्हणजे ताशी तितके नॉटिकल मैल. समोरून सरासरी ५० नॉट वारा असला की जमिनीवरून मोजलेला वेग ४४० उरतो आणि नऊ तास छप्पन्न मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी, तर आठ तास पाच. वेळापत्रकासाठी दोन्हीकडचं टॅक्सिंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरचं चालणं, वेगळं मिळवायचं.

तासाला साडेपाच टनांच्या आसपास इंधन जातं. शिवाय जास्तीचं इंधन वाहून नेण्यातच त्यातला तिसरा हिस्सा खर्ची पडतो. ७८७-८ चं उड्डाणवजन कमाल २२८ टन, आणि दिल्लीच्या एप्रिलमधल्या उन्हात, हवा विरळ झाल्यावर, तेवढंही मिळेलच असं नाही. विमानातल्या वजनाचा हिशोब ठेवणाऱ्या लोड कंट्रोलला फोन गेला: प्रवासी राहू देत, कार्गो उतरवा.

कॅप्टननी ब्रीफिंगला एकच विचारलं, ‘‘परारला ३६० मिळेल?’’

‘‘धरून चालू नका, सर. सगळे तिथेच येणार.’’

समुद्रावर रडार नसतं, दोन विमानांत अंतर जास्त ठेवतात, म्हणून हवी ती पातळी मिळत नाही. ‘३६०’ म्हणजे ३६,००० फूट. त्याऐवजी ३२,००० फुटांवर अडकलं तर खर्च पाचेक टक्क्यांनी चढतो. प्लॅन ३२० वर काढला, परार ते मस्कत तीच पातळी धरून.

आधीच हवेत असलेल्यांची पंचाईत मोठी. त्यांच्या टाक्या जुन्या रस्त्याच्या हिशोबानं भरलेल्या. युरोपातून येणारी काही विमानं अबू धाबीला उतरली, इंधन घेऊन मग पुढे आली. आमच्याकडे निदान विमान जमिनीवर होतं. टँकर पुन्हा बोलावला.