अस्वलाच्या गावाहून माणसाच्या गावाला

झोप येत नसली की मी फोनवर नकाशा उघडून दोन गावांमधली अंतरं मोजत बसते. घरचे याला रिकामपणाचं लक्षण म्हणतात. असेल. परवा असंच बोट सरकत सरकत कॅनडाच्या पार वरच्या टोकाला पोचलं, मॅकेन्झी नदी उत्तरेच्या समुद्राला मिळते तिथे. अक्लाविक आणि इनुविक. सरळ रेघ ओढली तर साधारण ५५ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याइतकंही नाही. गाडीची वाट विचारली, तर नकाशाने हात वर केले.

मध्ये सगळा नदीच्या फाट्यांचा, तळ्यांचा आणि गाळाचा पसारा. उन्हाळ्यात होडीने जायचं. हिवाळ्यात नदी दगडासारखी गोठली की तिच्यावरचा बर्फ साफ करून तिचाच रस्ता करतात. पण नदी वळणं घेत जाणार, मग रस्ताही तसाच. ५५चे शंभराच्या वर होतात. त्यावरून जड ट्रक मुद्दाम हळू हाकायचे, कारण ट्रकच्या भाराने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि ट्रकचा वेग तिच्याशी जुळला तर बर्फच फुटतो. (हे वाचल्यावर तर झोप उडालीच.) बर्फ धरताना आणि वितळताना होडीही नाही, गाडीही नाही. तेव्हा फक्त विमान, वीसेक मिनिटांचं.

माझं आजोळ खाडीपलीकडे. किती लांब आहे, असं विचारलं की आजोबा उलट विचारायचे, "तरीने की एस्टीने?" अक्लाविकला त्यांचं छान जमलं असतं.

नावांची गंमत आणखीच. अक्लाविक म्हणजे अस्वलाची जागा, इनुविक म्हणजे माणसाची जागा. अक्लाविकला पुराचा आणि काठ खचण्याचा त्रास, म्हणून १९५०च्या दशकात सरकारने गावच उचलायचं ठरवलं आणि त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेच्या कडेला नवं इनुविक वसवलं. बरेच गेले, पण काही जण हललेच नाहीत. मरू पण हरणार नाही, अशा थाटाचं ब्रीद त्यांनी गावाला लावलं. म्हणजे हे ५५ किलोमीटर मुळात सरकारनेच तयार केलेले! पुनर्वसनाच्या गोष्टी इथूनतिथून सारख्याच.

इनुविकच्या उत्तरेला समुद्रकाठी टुक्टोयाक्टुक आहे. तिथे जायचा बर्फाचा रस्ता १८७ किलोमीटरचा होता. नोव्हेंबर २०१७मध्ये बारमाही रस्ता सुरू झाला, तो १३८चा. गाव एका दिवसात ४९ किलोमीटर जवळ आलं. तिथली जमीन आतून कायम गोठलेली, खणली तर वितळून खचणार. म्हणून खोदकाम न करता, बहुतेक काम हिवाळ्यातच, वरून खडीचा थर घालत रस्ता केला.

आणि इनुविक ज्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशात येतं, त्याची राजधानी यलोनाइफ? विमानाने सुमारे ११०० किलोमीटर. गाडीने जायचं तर आपलाच प्रदेश सोडून शेजारच्या युकॉन आणि ब्रिटिश कोलंबियातून वळसा, जवळपास तिप्पट. त्यात वाटेत दोन नद्या, पुलाविना. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फ, आणि अधल्यामधल्या आठवड्यांत ट्रकच येत नाहीत, मग दुधाअंड्यांनाही विमानाचं भाडं पडतं.

रात्रीचे दीड वाजले होते. नवऱ्याने कूस बदलत विचारलं, "कुठे पोचलीस?" म्हटलं, अजून अक्लाविकलाच आहे, नदी गोठायची वाट बघतेय.