‘द टॉवर’ मराठीत – नोंद ४ : साळुंकीचं घरटं, बांगडा आणि ‘-तात’चा त्रास

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सच्या ‘द टॉवर’ या कवितासंग्रहाच्या (मॅकमिलन, लंडन, १९२८) मराठी अनुवादाचं काम सुरू आहे. या टप्प्याअखेर ‘सेलिंग टु बायझँटियम’च्या ३२ ओळींचा तिसरा खर्डा आणि ‘द स्टेअर्स नेस्ट बाय माय विंडो’च्या २० ओळींचा दुसरा खर्डा झाला आहे. ‘लीडा अँड द स्वान’ या कवितेला अजून हात लावलेला नाही.

आधी संहितेचं बघा, नाहीतर पुढे घोळ होतो. १९२८ ची आवृत्ती आणि १९३३ च्या एकत्रित कवितांमधला ‘टॉवर’ विभाग एकसारखे नाहीत. हारून अल-रशीदवरची दीर्घ कविता १९३३ मध्ये कथाकवितांच्या भागात गेली. नायक, मुलगी आणि विदूषक यांचा संवाद छाटून फक्त विदूषकाचा तुकडा राहिला. ‘टू साँग्ज फ्रॉम अ प्ले’मध्ये एक कडवं वाढलं. अर्धं एकीतून आणि अर्धं दुसरीतून घेतलं, तर क्रमही चुकतो आणि टिपाही. इथे १९३३ चा पाठ धरला आहे. हक्कांची अडचण नाही. येट्स १९३९ मध्ये गेला, भारतात मृत्यूनंतरची ६० वर्षं १९९९ अखेर संपली. मात्र अलीकडच्या सटीप आवृत्त्यांमधल्या टिपा मोकळ्या नसतात, त्या उचलू नका.

आता ‘सेलिंग टु बायझँटियम’ (पुढे नुसतं ‘बायझँटियम’). आठ ओळींचं कडवं, यमक अबअबअबकक. १६ मात्रांच्या पादाकुलक या वृत्तात पहिला खर्डा केला तेव्हा आठ ओळींच्या अकरा झाल्या. मराठीत विभक्तिप्रत्ययांनी शब्द लांबतात, म्हणून ही ओळ तोकडी पडते. ८+८ अशी १६ अक्षरांची ओळ घेतल्यावर मजकूर बसला.

खरी डोकेदुखी यमकाची. पक्षी गातात, मासे उसळतात, तरुण मिठ्या मारतात. मराठी क्रियापद ओळीच्या शेवटी येतं आणि सगळी कविता ‘-तात’वर आपटते. दुसऱ्या खर्ड्यात पहिल्या कडव्याच्या सहा ओळी अशाच संपत होत्या. बडबडगीत झालं होतं ते. मुळात त्या ओळींत क्रियापदं मोजकीच आहेत, बहुतेक नुसती नामांची रांग आहे. मराठीलाही क्रियापदाविना वाक्य चालतं, तेव्हा बेधडक गाळा. शिवाय येट्सची यमकं तिथे पूर्ण नाहीतच : ‘यंग–साँग–लाँग’मध्ये शेवटचं व्यंजन जुळतं, पण स्वर बदलतो. मराठीत ‘झाड–वेड–गोड’ हा तसाच मेळ. घट्ट यमकापेक्षा हाच कवितेत बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजाला शोभतो.

पहिल्याच शब्दात लोक चुकतात. मूळ ‘दॅट’ आहे, ‘धिस’ नाही. बोलणारा तो देश सोडून आलेला आहे. म्हणून ‘हा देश’ नको. सध्याची ओळ ‘म्हाताऱ्यांचा नव्हे देश तो;’ अशी सुरू होते. ‘तो’ आठव्या अक्षरानंतर पडतो, म्हणजे यतिभंग होतो (ओळीतला ठरलेला विसावा मोडतो), पण मुळातही वाक्य ओळीच्या मध्येच थांबतं. राहू द्या. ‘वृद्ध’ही नको, त्याला वृद्धाश्रमाच्या पाटीचा वास येतो.

मासे : मॅकरेल म्हणजे बांगडा, तिथे वाद नाही. सॅमनसाठी मात्र ‘रावस’ लिहू नका. बाजारात त्याला इंडियन सॅमन म्हणतात खरं, पण तो अंडी घालायला धबधबे चढत नाही, आणि त्या ओळीत मासा धबधब्यावरच हवा. ‘सामन’ ठेवला आहे. याच कवितेतला ‘पर्न’ म्हणजे सूत गुंडाळायचं रीळ, आयर्लंडमधल्या स्लायगोकडचा शब्द. आधी ‘चाती’ लिहिलं होतं, पण चातीवर सूत कातलं जातं. मागाची ‘कांडी’ जास्त जवळची.

‘स्टेअर्स नेस्ट’ ही आयर्लंडमधल्या यादवी युद्धावरच्या सात भागांच्या मालिकेतली सहावी कविता. ‘सिव्हिल वॉर’ला ‘यादवी’ हा आपला शब्द इतका चपखल आहे की पर्याय शोधूच नयेत. काळ १९२२ चा, जागा गॉलवे परगण्यातला बॅलिलीचा मनोरा, म्हणजे येट्सचं तेव्हाचं घर. त्याच ऑगस्टमध्ये मनोऱ्याजवळचा पूल उडवला गेला. ‘स्टेअर’ म्हणजे पश्चिम आयर्लंडच्या बोलीतला स्टार्लिंग पक्षी. त्या कुळातली भोरडी आपल्याकडे हिवाळी पाहुणी, ज्वारीवर थवे उतरतात, पण घरटं इथे करत नाही. भिंतीच्या भोकात घरटं करते ती साळुंकी. मधमाश्याही फटीत पोळं करणाऱ्या हव्यात, म्हणजे सातेरी. आग्यामोहोळ उघड्यावर लटकतं, ते चित्र मनात आलं की कविता बिघडते.

छंद ८+६ अक्षरांचा. पालुपद आधी ‘…पोळे तुम्ही बांधा’ असं संपत होतं. पहिल्या कडव्यात ‘सांधा’ मिळाला, खूश झालो. तिसऱ्यात रक्ताळलेल्या सैनिकाचं प्रेत नेतात, तिथे ‘खांदा’ आपसूक आला : ‘ना कुणाचा खांदा’. ओळ देखणी, पण येट्सची नव्हे. काढली. उरले ‘वांधा’ आणि ‘कांदा’. चार कडव्यांच्या पालुपदाला निदान दहा-बारा यमकं हाताशी हवीत, हे आधीच मोजायला हवं होतं. आता असं आहे :

भिंत माझी सैल होते, मधमाश्यांनो, या,
पोळे बांधा साळुंकीच्या रिकाम्या घरात.

‘-आत’ला पोटात, रात, घात, हात असं भरपूर मिळतं. तिसऱ्या कडव्यात यमक मुद्दाम ढिलं ठेवणार, कारण मुळातही ‘वॉर’ आणि ‘स्टेअर’ नीट जुळत नाहीत.

शब्द जड होऊ लागले की एक गोष्ट आठवावी. बडनेऱ्यात जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामींबरोबर येट्सने दहा उपनिषदं इंग्रजीत आणली (१९३७). जुन्या भाषांतरांतली लॅटिनाळलेली, जोडशब्दांनी लडबडलेली भाषा त्याला सोसत नव्हती. ‘जराजर्जर’ आणि ‘शाश्वतशिल्प’ आपल्या खर्ड्यातून त्याच कारणाने गेले.

पुढचं काम : ‘अमंग स्कूल चिल्ड्रेन’, ६४ ओळी, छंद तोच १६ अक्षरी. त्यात ‘स्केअरक्रो’ आहे, म्हणून ‘बुजगावणं’ तिथे राखून ठेवलं आहे. ‘बायझँटियम’मध्ये काठीवरचा फाटका कोट नुसता कोटच आहे. दुसऱ्या कडव्यात कुणी बुजगावणं घुसवलं असेल, तर आत्ताच बदला.