आजीने दाखवलेली विहीर

मी आधी एका कोळसा कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे नफ्यातला वाटा समाजाच्या कामांवर खर्च करणाऱ्या विभागात होते, विदर्भातल्या वणी-घुग्घुस पट्ट्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के खर्च करावे लागतात, पण ते कुठे करायचे हे कसं ठरतं ते सांगते. फेब्रुवारी उजाडला की हेड ऑफिसचा फोन, पैसे पडून आहेत प्रपोजल पाठवा. मग जे लवकर बांधून होतं अन् ज्यावर पाटी लावता येते तेच मंजूर, सभामंडप, शाळेचं गेट, बस थांबा. गावाला विचारायचो, पण यादी आधीच तयार असायची.

त्या दिवशी मी सभामंडपासाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणायला गेले होते. सरपंच, चार-पाच माणसं, चहा झाला, सह्या होणारच होत्या. दारात बायका उभ्या होत्या, त्यातली एक आजी म्हणाली, पोरी, जरा चाल माझ्यासंगं. विहिरीवर नेलं. वाकून बघते तर तळाला नुसता चिखल. समोर ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी जाड पाईपातून खाणीतलं पाणी धो धो नाल्यात पडतंय. "तुमच्या मशिनी रातभर पाणी उपसतेत, मंग आमच्या विहिरीत कुठून राहीन व?"

मला काही बोलताच येईना. ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खणलेली खाण खोल जाते तसं आजूबाजूचं भूजल तिच्यात उतरतं, ते उपसल्याशिवाय कोळसा निघत नाही, हे मी स्वतः प्रेझेंटेशनमध्ये सांगायचे, पण अशी कोरड्या विहिरीवर कधी उभी राहिले नव्हते.

ठराव न घेताच परत आले. साहेब म्हणाले, मंडपाऐवजी पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन टाकू, पाच रुपयाला कॅन. मला तेही पटेना. रात्री बसून खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या अटी वाचल्या, त्यात सरळ लिहिलेलं की भूजल खाली गेलं तर पर्यायी पाणी कंपनीने द्यायचं, विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायची. आणि सीएसआरच्या २०२१ च्या नियमांत आहे की दुसऱ्या कायद्याने जे करावंच लागतं ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे आजीचं पाणी आमच्यावर देणं होतं आणि आम्ही ते दानाच्या खात्यात घालायला निघालो होतो!

तसं लेखी दिलं. खाणीचे मॅनेजर फार चिडले, खर्च आता त्यांच्या बजेटवर येत होता ना. दोन मीटिंगा झाल्या, पण पाऊस लागायच्या आत गावात पाईपलाईन आली. मंडपाच्या पैशाचं काय करायचं ते ग्रामसभेत बायकांनी ठरवलं, तालुक्याला शिकायला जाणाऱ्या पोरींच्या बसभाड्याला.

शेजारच्या दोन गावांच्या विहिरी तेव्हाही कुणी मोजत नव्हतं. त्याची नोट मी नोकरी सोडताना फाईलला लावून आले.