पिवळं पीतांबर आणि पूर्व-पूर्व तिमोर

परवा पुतण्याबरोबर मोबाईलवर झेंडे ओळखायचा गेम खेळत होते, तिमोर-लेस्तेचा झेंडा आला आणि मी सपशेल हरले. मग रात्री मॅप उघडून बसले, झोपेचं खोबरं. तर तिमोर हे इंडोनेशियाच्या माळेतलं पूर्वेकडचं बेट, मलय भाषेत तिमुर म्हणजे पूर्व आणि पोर्तुगीजमध्ये लेस्ते म्हणजे पण पूर्व, म्हणजे देशाचं नाव झालं पूर्व-पूर्व, आपलं पिवळं पीतांबर तसंच!

पूर्वेचा अर्धा भाग हा देश, पश्चिमेचा इंडोनेशियाचा. पण झूम केलं की पश्चिमेच्या अर्ध्यात उत्तर किनाऱ्याला एक तुकडा दिसतो, ओएकुसी, तिन्ही बाजूंनी इंडोनेशिया आणि चौथीकडे समुद्र, आणि तो आहे तिमोर-लेस्तेचा. मला आधी वाटलं मॅप चुकलाय.

सगळं सुरू झालं चंदनापायी. पोर्तुगीज आले, मागोमाग डच आले, डचांनी 1653 मध्ये पश्चिमेला कुपांग धरलं. पोर्तुगीजांचं ठाणं याच ओएकुसीतल्या लिफावला, आणि गंमत म्हणजे हा सगळा कारभार 1844 पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत, म्हणजे चंदनाच्या त्या बेटाचे हुकूम मांडवीच्या काठावरून सुटायचे, बोट कधी पोचेल ते देव जाणे. लिफावला गव्हर्नरचा धाक असा नव्हताच, खरी सत्ता तोपाझ लोकांची, पोर्तुगीज-स्थानिक मिश्र वंशाचे, डच त्यांना काळे पोर्तुगीज म्हणायचे. त्यांनी इतकं जेरीला आणलं की 1769 मध्ये गव्हर्नरनं गाशा गुंडाळला आणि राजधानी बेटाच्या पूर्वेच्या अर्ध्यातल्या ‘दिली’ या गावी नेली. ओएकुसीवर हक्क मात्र सोडला नाही, तोच हा तुकडा.

पुढचं पात्र तर भारीच. लोपेस द लिमा, आधी गोव्याचा गव्हर्नर होता, मग तिमोरला गेला. तिजोरीत खडखडाट, म्हणून 1851 मध्ये या बाबानं लिस्बनच्या सरकारला न विचारता फ्लोरेस वगैरे शेजारची बेटं डचांना 2 लाख फ्लोरिनला (हे डचांचं चलन) विकायचा सौदा करून टाकला. लिस्बननं त्याला बडतर्फ केलं, परतीच्या वाटेवरच वारला बिचारा. आणि 1859 च्या तहात सौदा थोड्याफार फरकानं तोच मान्य केला की हो! तरी सीमेची भांडणं चालूच, शेवटी 1914 मध्ये हेगच्या लवादानं निकाल दिला.

ही कागदावरची रेघ नंतर लोकांच्या जिवावर उठली. डच अर्धा इंडोनेशियात गेला, पोर्तुगीज अर्ध्यानं 28 नोव्हेंबर 1975 ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊच दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. 24 वर्षं त्यांचाच ताबा. लाखभर माणसं गेली, बरीचशी उपासमारीनं आणि आजारानं. 1999 च्या मतदानात 78.5 टक्के लोकांनी वेगळं व्हायला कौल दिला, 20 मे 2002 ला देश झाला.

त्यांची तेतुम भाषा थोडी चाळली, तर चावीला शावी आणि पावाला पाउन! दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे, त्यांनी तिकडे सोडले तसेच इकडे. ओएकुसीच्या माणसाला दिलीला जायचं तर अजूनही रात्रभर बोटीत बसा, विमानाचे पैसे टाका, नाहीतर रस्त्यानं आधी इंडोनेशियात शिरा आणि मग बाहेर पडून परत आपल्याच देशात, दोनदा पासपोर्ट दाखवून.