शून्य गुणांचा अपमान

आक्रमकता मोजायची तर माणसाला आधी चिडायला निमित्त द्यावे लागते आणि प्रयोगशाळेत खरे भांडण लावून देता येत नाही, म्हणून आम्ही आभासी वास्तवाचा, म्हणजे डोळ्यांवरच्या हेडसेटमधून दिसणाऱ्या संगणकनिर्मित जगाचा, आधार घेतो. नुसत्या प्रश्नावलीवर माझा विश्वास नाही. बस आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ सालच्या आक्रमकतेच्या प्रश्नावलीत २९ विधाने आहेत, पण हात उगारण्याविषयीच्या विधानापुढे प्रामाणिक खूण करणारा सुशिक्षित पुणेकर मला अजून भेटायचा आहे.

हेडसेटला केसांचे तेल लागू नये म्हणून आधी कागदी टोपी घालायची, बुबुळांमधील अंतर पाहून भिंगे सरकवायची आणि मग मन उत्तेजित झाले की घामामुळे वाढणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजणारे इलेक्ट्रोड बोटांना लावायचे. पावसाळ्यात बोटे कोरडी होईपर्यंत निम्मा वेळ जातो, जो निधी देणाऱ्यांच्या हिशेबात कधीच नसतो.

आमच्या प्रसंगात पेट्रोल पंपाच्या रांगेत एक आभासी तरुण स्कूटर मध्येच घुसवतो. सहभागी त्याच्या किती जवळ जातो, हात कसे हलवतो आणि आवाज किती चढवतो, हे संगणक टिपतो. त्या दिवशी आलेले निवृत्त काका हात पाठीमागे बांधून जागचे हललेही नाहीत. ते सावकाश म्हणाले, "या, या. आम्ही इथे हवा खायलाच उभे आहोत." तरुणाने ठरलेले उत्तर दिले, "मला घाई आहे." त्यावर काका म्हणाले, "अस्सं! घरच्यांनाही अशीच घाई असणार, म्हणून वळण लावायचं राहून गेलं."

संगणकाने आक्रमकता शून्य दाखवली. वाहकतेचा आलेख मात्र चढला होता, पण उत्तेजना म्हणजे आक्रमकता नव्हे. तो आलेख गंमत वाटूनही चढतो. चित्रफीत पाहून गुण देणाऱ्या दोघींपैकी पुण्याच्या मुलीने शाब्दिक आक्रमकतेला सर्वाधिक गुण दिले, तर नागपूरच्या मुलीने 'शांत, विनोदी' असा शेरा मारला.

समोरच्याला दुखावण्याचा हेतू असेल तरच आक्रमकता, अशी व्याख्या आम्ही मानतो. पण समोर कुणीच नसताना हेतू कसा धरायचा? २००६ मध्ये मेल स्लेटर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मिलग्रॅमचा प्रयोग, म्हणजे सांगितल्यावरून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायचा प्रयोग, आभासी स्त्रीवर करून पाहिला, तेव्हा ती खरी नाही हे ठाऊक असूनही सहभागींच्या शरीरात ताण दिसला होता. आमच्या काकांनी तर हेडसेट काढताच विचारले, "मी बोललो ते त्या मुलाला कळलं का हो?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

हेतूचा याहून स्पष्ट पुरावा मला सुचत नाही. परंतु काकांचा हा प्रश्न संगणकाच्या नोंदी थांबल्यानंतरचा, म्हणून तो धरता येणार नाही, असे आमचे सांख्यिकीतज्ज्ञ म्हणतात. मी तो शेऱ्याच्या रकान्यात लिहिला आहे, आणि विश्लेषण करताना तो रकाना कुणी उघडत नाही.